४२ फुटी कॅटामरान: पैसे नेमके कुठे घालायचे

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालात, गोव्यात रायबंदरला घर आहे, आणि तुम्हाला व वहिनींना ४०-४२ फुटांची कॅटामरान, म्हणजे दोन हल (बोटीची धडं) जोडून केलेली शिडाची बोट, घ्यायची आहे. पावसाळा सोडून उरलेले महिने बोटीवर काढायचे, आधी लक्षद्वीप, मग अंदमान, जमलं तर सेशेल्स. समोर तीन पर्याय आहेत. मोठ्या फ्रेंच कारखान्याची नवी बोट, त्याच कारखान्याची चार्टरमध्ये, म्हणजे भाड्याने, फिरलेली सात-आठ वर्षांची बोट जवळपास निम्म्या किमतीत, किंवा थोडी लहान पण बांधणीसाठी नावाजलेली महाग बोट. चौथा पर्याय तुमच्या मित्राने सुचवला: नौदलाची म्हादेई ही शिडाची बोट इथेच दिवाडी बेटावर बांधली गेली, मग तुमची बोट तिथे का नको? आणि या सगळ्याच्या मुळाशी शंका अशी की कारखान्यातून धडाधड निघणाऱ्या या बोटी कच्च्या असतात का.

कच्च्या नसतात. ज्या कामासाठी बांधल्या, त्या कामाला त्या पुरतात. ते काम आणि तुमचं काम एकच आहे का, हे आधी बघायला हवं.

या बोटींचं मोठं गिऱ्हाईक अनेक वर्षं चार्टर कंपन्या राहिलं आहे. बोट कुणा मालकाच्या नावावर असते, कंपनी ती कॅरिबियन किंवा भूमध्य समुद्रात आठवड्याच्या बोलीवर भाड्याने देते, आणि साधारण पाच-सहा वर्षांनी ती ताफ्यातून बाहेर काढून विकते. अशा बोटीत चार केबिन, चार बाथरूम, मोठा सलून (बोटीतली बैठक), उन्हात पडायला पुढे जागा, मागे आठ-दहा माणसांचं जेवणाचं टेबल लागतं. ती दिवसाला वीस-तीस मैल जाते आणि रात्री नांगरावर असते. लगून, फाउंतेन पाजो, बाली, लेपर्ड या सगळ्या नावांच्या बोटींच्या आराखड्यांवर या गिऱ्हाइकाची छाप आहे. म्हणून त्या समुद्र ओलांडू शकत नाहीत असं मात्र नाही. लेपर्ड केप टाउनच्या रॉबर्टसन अँड केन कारखान्यात बनतात आणि त्यातल्या बऱ्याच बोटी स्वतःच्या शिडावर अटलांटिक ओलांडून गिऱ्हाइकाकडे पोचल्या आहेत. ताकदीचा प्रश्न पहिल्या पाच वर्षांत फारसा येत नाही. दहाव्या-बाराव्या वर्षी येतो, आणि तेव्हा बोट तुमच्या हातात असणार आहे.

विक्रेता तुम्हाला पहिल्या भेटीत सांगेल की बोट ‘सीई कॅटेगरी ए’ची आहे, म्हणजे महासागरासाठी प्रमाणित. फोर्स ८ च्या, म्हणजे वादळी वाऱ्याच्या, वर वारा आणि ४ मीटरच्या वर लाटा, असा त्या वर्गाचा अर्थ आहे. पण युरोपात विकायची तर ती किमान अट आहे. बाजारातल्या स्वस्तातल्या आणि महागातल्या, दोन्ही ४२ फुटी बोटींवर तीच पाटी असते. बांधणीच्या मापांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२२१५, त्यात दोन-तीन हल असलेल्या बोटींसाठीचा स्वतंत्र भाग २०२० साली आला. त्याआधीच्या बोटी डिझायनरच्या अनुभवावर आणि वर्गीकरण संस्थांच्या नियमांवर उभ्या आहेत. पुष्कळशा चांगल्या उभ्या आहेत, पण पाटी बघून निवड करता येत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही जहाजावर काढलेल्या आयुष्यात जो अंदाज बांधला असेल, तो कॅटामरानला लावू नका, कारण इथे जोर वेगळ्याच ठिकाणी येतो. एक हल असलेली बोट वाऱ्याने कलते आणि कलली की शिडातला वारा सांडतो. कॅटामरान कलत नाही. १२ टनांची कॅटामरान घ्या, दोन हलांच्या मध्यरेषांत ५.६ मीटर अंतर. वाऱ्याकडचा हल पाण्यातून उचलायच्या बेतात येतो तेव्हा तिचा उलट जोर होतो १२ गुणिले २.८, म्हणजे सुमारे ३४ टन-मीटर. तेवढ्याच लांबीची १० टनांची एकहली बोट ३० अंशांवर ७-८ टन-मीटरच्या आसपास असते. चार-पाच पट फरक! क्रूझिंगमध्ये हल उचलायची वेळ कधी येऊच द्यायची नसते. म्हणून तर कॅटामरानवर शीड कमी करायचं ते वाऱ्याच्या आकड्यावर, बोटीच्या कलण्याकडे बघून नव्हे. पण वाऱ्याचा अचानक तडाखा आला की तो सगळा जोर डोलकाठीला धरणाऱ्या तारा, त्या जिथे बोटीला अडकतात त्या चेनप्लेट आणि डोलकाठीच्या बुडाशी जातो. डोलकाठी उभी असते ब्रिजडेकवर, म्हणजे दोन हलांना जोडणाऱ्या पुलाच्या मधोमध. तिच्या खाली आधाराला काय असतं? मुख्य बल्कहेड, म्हणजे बोटीच्या आतली उभी भिंत.

त्यात तिरक्या मागच्या लाटांची भर घाला. एका हलाचं पुढचं टोक वर जातं तेव्हा दुसऱ्याचं खाली असतं. बाजल्याचे समोरासमोरचे दोन कोपरे उलट दिशांना दाबले तर चौकट जशी पिळते, तशी बोट दर सात-आठ सेकंदांना पिळली जाते, दिवसरात्र. सेशेल्सच्या वाटेवर असे लाखभर हेलकावे होतील. तो पीळ बल्कहेड आणि पुढच्या-मागच्या बीम खातात. हलाचा पत्रा किती जाड आहे, यापेक्षा बल्कहेड हलाला कसं जोडलंय, यावर बोटीचं आयुष्य ठरतं. आणि कारखान्यात पैसे वाचवायची जागाही हीच असते, कारण हे काम तासांचं आहे, मालाचं नाही.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण विकणारा माणूस याबद्दल स्वतःहून कधीच बोलत नाही. बल्कहेड म्हणजे बहुधा प्लायवूडची किंवा फोमच्या गाभ्याची उभी भिंत. तिला हलाशी जोडायचे दोन मार्ग. एक, दोन्ही बाजूंनी काचेच्या कापडाच्या पट्ट्या रेझिनमध्ये, म्हणजे सुकून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून कोपऱ्यात बसवायच्या, थरावर थर, प्रत्येक थर आधीच्याहून रुंद. यार्डात याला टॅबिंग म्हणतात. दुसरा, साच्यातून काढलेल्या आतल्या अस्तरात खाच ठेवायची, खाचेत गोंद भरायचा आणि भिंत त्यात उतरवायची. गोंद आता इतके चांगले आहेत की नीट लागलेला जोड कमजोर नसतो. पण तो ‘नीट लागलाय’ हे नंतर बघता येत नाही. टॅबिंग डोळ्यांना दिसतं, ठोकून कळतं, उखडलं तर घासून पुन्हा घालता येतं. अस्तराआडचा गोंद सुटला तर ते कळायलाच वर्ष जातं, आणि दुरुस्तीसाठी अर्धं फर्निचर बाहेर काढावं लागतं.

पॉलिएस्टर रेझिनचं आणखी एक गणित आहे. हल साच्यात ओलसर-कोवळा असतानाच पट्ट्या चढवल्या तर दोन थरांत रासायनिक बंध होतो. वेळ टळली, हल पूर्ण सुकला, की उरतो तो फक्त चिकटपणा, आणि त्यासाठी पृष्ठभाग नीट घासून खरखरीत करावा लागतो. ज्या कारखान्यात साचा पुढच्या बोटीसाठी रिकामा करायची घाई असते, तिथे ही घासाई कोण, किती मन लावून करतो, यावर तो जोड टिकतो. एकाच मॉडेलच्या दोन बोटींत जो फरक दिसतो तो बहुतेक वेळा इथला असतो.

सात-आठ वर्षांच्या बोटीत मी पहिल्यांदा डोलकाठीखालच्या बल्कहेडशी जातो. जमिनीच्या फळ्या उचलतो, कपाटांची पाठ काढतो आणि टॉर्च भिंतीला जवळपास चिकटवून, प्रकाश आडवा पाडून बघतो. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. आडवा टाकला की पट्टीची सुटलेली कड सावली पाडते. केसाएवढी पांढरी रेघ दिसली तर तिथे नख लावून बघायचं. पट्टी उचलली जात असेल तर आतून सुटली आहे. मग भिंतीत दारासाठी कापलेल्या चौकटीचे वरचे कोपरे बघायचे, कारण भेगा तिथून सुरू होतात. पुढच्या केबिनचं दार घासतं का, फळ्या आपोआप वर आल्यात का, वाऱ्याविना तारा ढिल्या पडतात का, हे प्रश्न मालकाला गप्पांच्या ओघात विचारायचे. “दार पावसाळ्यात फुगतं” हे उत्तर गोव्यात सगळ्यांना पटतं. पण मार्च महिन्यातही ते घासत असेल तर डोलकाठी खाली दबते आहे.

आता हलाच्या भिंतीकडे येऊ. इथे लोक भरीव चांगलं की सँडविच, म्हणजे दोन कातड्यांमध्ये हलका गाभा (कोअर), यावर हमरीतुमरीवर येतात. सरळ सांगायचं तर पाण्याखाली भरीव फायबर आणि वर कोअर, ही तुमच्या वापराला सगळ्यांत निश्चिंत रचना. बरेच कारखाने असंच करतात. पाण्याखालीही चांगल्या फोमचं कोअर असलेल्या बोटी हलक्या आणि कडक असतात, मी त्यांना नाकारत नाही. पण मालवणच्या किंवा मिनिकॉयच्या खडकावर घासल्यावर भरीव हल दुरुस्त करणं एका फायबरवाल्याचं काम आहे, कोअरवाला हल दुरुस्त करणं हे दोन आठवडे सुकवण्याचं आणि मग फायबरवाल्याचं.

कोअर बाल्साचं (एक हलकं लाकूड) की फोमचं, हे गोव्यात राहणाऱ्याने मात्र फार बारकाईने बघायला हवं. उभ्या तंतूंचा बाल्सा दाबाला आणि थर सरकवणाऱ्या जोराला उत्तम, फोमपेक्षा स्वस्त, आगीलाही बरा. दोष एकच, पाणी शिरलं की कुजतो. आणि लाकूड कुजतं ते खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्याने जास्त, कारण बुरशीला गोडं पाणी मानवतं. कॅरिबियनमध्ये डेकच्या फटीतून आत जातं ते बरंचसं खारं असतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. चार महिने बोट यार्डात ताडपत्रीखाली, रेलिंगच्या खांबाच्या बुडाशी एक सुटलेला स्क्रू, आणि त्या भोकातून रोज थेंब थेंब. चवथ होऊन बोट पाण्यात उतरवायला जावं तर खांबाभोवती हातभर डेक पायाखाली मऊ लागतं. बाल्साची बोट घेऊच नका असं मी म्हणत नाही. घ्यायची तर डेकवरचं प्रत्येक भोक कसं हाताळलंय ते बघा. नीट काम म्हणजे भोक आधी मोठं पाडून, भोवतालचा बाल्सा कोरून, तिथे इपॉक्सीचा लगदा भरून, सुकल्यावर त्यात स्क्रूपुरतं छिद्र पाडणं. कारखाना स्वतः बसवलेल्या वस्तूंपाशी बहुधा कोअरच्या जागी भरीव भाग ठेवतो. घोळ होतो तो नंतर कुणी सोलर पॅनेल, डेव्हिट (छोटी होडी टांगायचे हात), अँटेना बसवली तिथे. चार्टरच्या बोटीत असे नंतरचे उद्योग कमी असतात, हा तिचा एक मोठा गुण.

नवी बोट घेत असाल तर एक गोष्ट आवर्जून मागा. वॉटरमेकर (खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र), डेप्थ साउंडर किंवा जादाचा सीकॉक (हलातून पाणी ये-जा करायची झडप) बसवताना होल-सॉने हलातून जी गोल चकती निघते, ती फेकू देऊ नका. कारखान्याच्या कुठल्याही पत्रकात नसतं ते सगळं त्या चकतीच्या कडेत दिसतं. बाहेरून जेलकोटची, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराची, पांढरी रेघ, मग काचेचे थर, असलं तर कोअर, मग आतली कातडी. थर एकमेकांत दाबून बसलेत की मधे रेझिनच्या पिवळसर पट्ट्या आहेत, हवेचे बुडबुडे किती, कोअर आणि कातडीच्या मधे फट आहे का, हे भिंगाविना दिसतं. हाताने रोलर मारून केलेल्या मॅटच्या कामात वजनाने तिसरा हिस्सा काच आणि बाकी रेझिन असतं. व्हॅक्यूम इन्फ्युजनमध्ये, म्हणजे पंपाने हवा काढून रेझिन आत ओढतात तेव्हा, काच ६५-७० टक्क्यांपर्यंत जाते. जोर घेते ती काच, रेझिन तिला धरून ठेवतं, म्हणून इन्फ्युजनची भिंत पातळ असूनही कमी दर्जाची नसते. “आमचा हल जाड आहे” ही जाहिरात ऐकून भुलू नये ते यासाठी. आज मोठे कारखाने मुख्य भाग इन्फ्युजननेच करतात, आणि बल्कहेडच्या बाबतीत मी त्यांच्याबद्दल जी शंका घेतली ती इथे घेत नाही. पोकळीत रेझिन ओढणाऱ्या पंपाला घाई नसते. लहान, नाव कमावलेल्या यार्डातही हाताचं काम इतकं एकसारखं निघणं कठीण.

रेझिनबद्दल थोडक्यात. किमतीला व्हिनिलएस्टर साध्या पॉलिएस्टरच्या साधारण दीड-दोन पट, इपॉक्सी तीन-चार पट. इपॉक्सी कॅटामरान सुंदर होते, पण तुमच्या बजेटात ती बसत नाही आणि तिची गरजही नाही. जेलकोटच्या आतला पहिला थर व्हिनिलएस्टरचा आहे का, एवढं विचारा. त्याने पाणी झिरपून येणारे ऑस्मोसिसचे फोड थांबतात, आणि तेवढ्यापुरता लागणारा माल काहीशे किलोंचा, म्हणजे बोटीच्या किमतीत दिसणारही नाही इतका. जो कारखाना तिथे कंजुषी करतो त्याने न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल, असा विचार मी तरी करतो.

ऊन पावसाइतकंच वाईट. एप्रिलमध्ये गडद राखाडी डेकवर हात टेकवत नाही, आणि साधं पॉलिएस्टर ६५-७० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. हल्ली राखाडी, निळे हल देखणे दिसतात म्हणून खपतात. इथे पांढराच घ्या, वहिनींना रंग कितीही आवडला तरी. सलूनच्या लांबलचक खिडक्या हे दुसरं. दोन मीटरची अ‍ॅक्रिलिकची काच सकाळ ते दुपार ३० अंशांच्या फरकाने ४ मिलिमीटर वाढते, फायबर त्याच्या निम्म्यानेही नाही. तो फरक रोज चिकटवलेला जोड सोसतो. आठव्या-नवव्या वर्षी त्या गळणार, कुठल्याही कारखान्याच्या असोत. सगळ्या काढून पुन्हा बसवायचा खर्च जुन्या बोटीच्या किमतीत आधीच धरा.

यानंतर वजन. माझ्या मते बोटींची तुलना करताना लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात ते याकडे. ४२ फुटी कॅटामरानचा पाण्याच्या रेषेवरचा आडवा छेद २७-२८ चौरस मीटर धरला तर पावणेतीनशे किलो चढले की ती एक सेंटिमीटर बसते. राहायचं म्हटलं की जादा बॅटऱ्या, जनरेटर, वॉटरमेकर, एसी, डिंघी (छोटी होडी), साखळी, वर्षभराचं सामान असे दोन टन कधी होतात कळत नाही. सात सेंटिमीटर गेले. ब्रिजडेक पाण्यापासून आधीच ६०-७० सेंटिमीटरवर असतो, आणि समोरून लाटा आल्या की खालून हातोडे बसायला लागतात. हे हातोडे आवाजापुरते नसतात, वर सांगितलेल्या जोडांचं आयुष्य खातात. लगून ४२ रिकामी सुमारे १२ टनांची आहे. फ्रान्समध्ये ला ग्रांद मोतला बनलेली आउटरमर ४५ लांबीने मोठी असून नऊ टनांच्या आसपास. तिची जादा किंमत त्या तीन टनांच्या अभावाची आहे: फोम, कमी फर्निचर, अरुंद हल, डॅगरबोर्ड (पाण्यात खाली-वर करता येणाऱ्या फळ्या) आणि कामाचे जादा तास. पण लक्षात घ्या, अरुंद हल लादलेलं वजन सहन करत नाही. वहिनींना वॉशिंग मशीन आणि पूर्ण आकाराचा फ्रीज हवा असेल तर आउटरमरसारखी बोट घेऊन तुम्ही तिचा वेगही घालवाल आणि पैसेही. तेव्हा रुंद हलांची साधी बोट हीच योग्य.

डॅगरबोर्डपेक्षा मिनी-कील, म्हणजे हलाखाली कायमचे बसवलेले आखूड पंख, आपल्या नद्यांना बरे. मांडवीच्या, शापोऱ्याच्या मुखावर वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. मिनी-कील हलाला वेगळे चिकटवलेले आणि आतून बंद असतील तर घासून कील फुटला तरी पाणी हलात येत नाही. हे कारखान्याला लेखी विचारा.

इंजिन आणि बाकी सामानावर फार शाई खर्च करत नाही, कारण ते बदलता येतं. सेलड्राइव्ह (हलातून खाली उतरणारा, पंखा फिरवणारा इंजिनाचा पाय) असेल तर रबरी डायफ्रॅम कधी बदलला त्याची पावती बघा, व्होल्व्हो सात वर्षं सांगते. उबदार खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचा पाय लवकर खातो, झिंक (गंज स्वतःवर घेणारे तुकडे) वेळेवर बदललेत का बघा. शक्य तिथे सरळ शाफ्ट घ्या. डोलकाठीच्या दहा वर्षांच्या तारा बदलायच्याच, इन्शुरन्सवाला नाहीतर दारात उभा करणार नाही. वायरी कथलाचा मुलामा दिलेल्या आहेत का बघा, नसतील तर इथल्या दमट हवेत त्या आतून काळ्या पडतात. आणि इंजिन डेक न कापता बाहेर काढता येतं का, हे प्रत्यक्ष टेप लावून मोजा. फर्निचर आणि टाक्या डेक बसवायच्या आधी आत उतरवलेल्या असतात. पाण्याची टाकी फुटली तर ती दारातून जाते का?

आता गोव्यात बांधण्याबद्दल. तुमच्या मित्राचं म्हणणं हवेतलं नाही. म्हादेई रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरिअस फायबरग्लासने दिवाडीला बांधली, व्हॅन द स्टाट या डच कंपनीच्या टोंगा ५६ आराखड्यावरून, लाकडाच्या गाभ्यावर फायबर चढवून. २००९ मध्ये ती नौदलात आली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. तिची बहीण तारिणी २०१७ मध्ये आली, तिने सहा महिला अधिकाऱ्यांना आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये दोघींना जगाभोवती नेऊन आणलं. दक्षिण महासागर झेलणारी बांधणी मांडवीच्या काठी होते, याचा आम्हा सगळ्या फायबरवाल्यांना अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

पण एकच बोट बांधणं आणि साच्यातून शंभरावी काढणं यांचे हिशेब वेगळे. साच्याचा खर्च शंभर बोटींवर वाटला जातो. शंभर मालकांच्या तक्रारी ऐकून पन्नासाव्या बोटीपासून बल्कहेड सुधारलेलं असतं. एकट्या बोटीत प्रत्येक कपाटाचा आराखडा नव्याने, डोलकाठी, विंच, इंजिनं, खिडक्या परदेशातून, आणि पावसाळ्यात हवा ८०-९० टक्के दमट असताना लॅमिनेशन (फायबरचे थर चढवणं) बंद ठेवायचं नाहीतर शेड पूर्ण बंद करून वाळवण यंत्रं लावायची. शेवटी विकायला गेलात तर अनोळखी बोटीला गिऱ्हाईक मिळत नाही. तुमचं वय आणि तुम्हाला समुद्रात जायची असलेली घाई बघता मी हा रस्ता सुचवणार नाही. तिशीतल्या कुणी विचारलं असतं तर कदाचित वेगळं बोललो असतो.

राहिले तीन. माझा कौल चार्टरमधून निघालेल्या बोटीला, पण दोन अटींवर. तिची मुख्य रचना, म्हणजे बल्कहेड, बीमचे जोड, चेनप्लेटच्या मुळाशी असलेलं लॅमिनेट, हे स्वच्छ निघालं पाहिजे. आणि किमतीच्या किमान पाव हिस्सा रक्कम बाजूला ठेवून मगच सौदा करायचा, कारण तारा, शिडं, खिडक्या, बॅटऱ्या, सेलड्राइव्ह हे सगळं तुमच्याकडेच येणार आहे. इंजिनांवर हजारो तास असतील, त्याने घाबरू नका. रोज चाललेलं डिझेल इंजिन वर्षभर नुसतं उभं असलेल्यापेक्षा बरं असतं. नव्या बोटीच्या किमतीतला मोठा हिस्सा पहिल्या तीन-चार वर्षांत उडून जातो, आणि तुम्ही बोट गुंतवणूक म्हणून घेत नाही. नवी घ्यायचीच तर चारऐवजी तीन केबिनची, पर्यायांच्या यादीतला दिखाऊ भाग सोडून, आणि बल्कहेडचे फोटो बांधणी चालू असताना पाठवण्याची अट करारात घालून. चांगला कारखाना याला हरकत घेत नाही. महाग हलकी बोट फक्त एवढ्यासाठी घ्या की तुम्हाला शिडावर चालवण्यात खरा आनंद आहे आणि कमी सामानात राहायची दोघांचीही तयारी आहे. दोघांचीही, म्हणजे वहिनींशी हे आधी बोला.

रचनेत खोट निघाली तर बोट सोडून द्या, विकणारा कितीही किंमत खाली आणो. शिडं जुनी, गाद्या फाटक्या, जेलकोट खडूसारखा झालेला, ही बोट घासाघीस करून आनंदाने घ्या. सुटलेलं बल्कहेड मात्र दुरुस्त करता येतं म्हणजे परवडतं असं नाही. डोलकाठी उतरवणं, आतलं फर्निचर तोडणं, हल सरळ धरून ठेवायला चौकट बांधणं, हे सगळं त्या दुरुस्तीत येतं, आणि इतक्या रुंद बोटीसाठी शेड इथे सहज मिळत नाही.

पाहणी कशी करायची तेही सांगतो. बोट पाण्याबाहेर काढून दोन-तीन दिवस सुकू द्या, लगेच लावलेला ओलाव्याचा मीटर काहीही दाखवतो. प्लास्टिकच्या मुठीच्या हातोडीने डेक आणि हल वीतभर अंतराने ठोकत जायचं. घट्ट कोअरवर आवाज खणखणीत येतो, सुटलेल्यावर भद्द. शंका आलेल्या जागी आतून, न दिसेल अशा ठिकाणी बारीक भोक पाडून भुसा बोटांवर घासून बघायचा. तपकिरी आणि ओला निघाला तर बाल्सा गेला. मग पाण्यात उतरवून १५-२० नॉट वाऱ्यात पूर्ण शिडं घेऊन निघायचं, एकाने वर सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने खाली मुख्य बल्कहेडपाशी बसून, हात जोडावर ठेवून, ऐकायचं. लाकडी फर्निचर किरकिरतं ते चालतं. हाताखाली हालचाल जाणवली तर परत फिरायचं.

इथे आणल्यावर ती उचलायची सोय आधी ठरवा. ७.५ मीटर रुंदीची बोट ओढायला खनिज बार्जेस ओढणाऱ्या जुन्या यार्डांचे स्लिपवे उपयोगी पडतात. तिथल्या माणसांना अवजड लोखंड ओढायची सवय आहे, फायबरची नाही. म्हणून कीलखाली आधार कुठे द्यायचा याचा कारखान्याचा नकाशा सौद्याच्या कागदांबरोबरच मागून घ्या, आणि जागा एप्रिलच्या आधी पक्की करा. मे महिन्यात सगळ्यांच्याच बोटी वर यायला लागतात.